टॉवरच्या फाटकावरची झावळी

"ही झावळी कोणी बांधली?" याकोमिनाने विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर तिच्या लक्षात आलं.

टॉवरच्या फाटकाला नारळाची कोवळी, आता सुकत आलेली पिवळसर झावळी आडवी बांधलेली होती. केई बेटांवर अशी झावळी दिसली की शेंबड्या पोरालाही कळतं, इथे सासी आहे. पाण्यात रोवली तर मासे धरायचे नाहीत, झाडाला बांधली तर नारळ पाडायचे नाहीत. मुदत संपून चर्चमध्ये प्रार्थना होईपर्यंत कोणी हात लावत नाही. याकोमिना याच बेटांवर वाढली होती. पण फोनच्या टॉवरला सासी घातलेली तिने चोपन्न वर्षांत पाहिली नव्हती.

"आम्हीच बांधली," बापा लुकास म्हणाले. गावातली सासी घालायचा आणि सोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. "नऊ दिवस झाले. दुखणंखुपणं नाहीतर होडी अडकली, तरच फोन. बाकी सगळ्यांचे बंद."

"अहो, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? तुम्हीच नाही का सांगितलंत?"

तिने सांगितलं होतं, खरंच. तीन महिन्यांपूर्वी टॉवर सुरू झाला तेव्हा चर्चच्या ओट्यावर बसून ती गावाला म्हणाली होती, की हा टॉवर फक्त उन्हावर चालतो, ऊन बॅटरीत साठतं, आणि पश्चिमेचा वारा सुटून ढग आले की ती साठवण माशांसारखी जपून वापरा, सगळे मासे एकदम काढले तर पुढे काय खाल? बोलायच्या ओघात बोलून गेली होती. हसतील, विसरतील, असं तिला वाटलं होतं. पण माशांचं नाव काढलं म्हणजे सासी आली, हे तिला, या मातीतल्या बाईला, सुचू नये?

"आधी दोनदा टॉवर बंद पडला," बापा लुकास म्हणाले. "पोरं दिवसभर सिनेमे बघायची. मग बसलो, ठरवलं, घातली सासी. आता बघा तुमची बॅटरी."

तिने पेटी उघडून पाहिली. आठवडाभर ढग असूनही बॅटरी जवळजवळ भरलेली होती. तिच्या कागदावरच्या हिशेबापेक्षाही जास्त. आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र तिथेच बसावंसं वाटलं.

कारण ती आली होती ती वेगळ्याच कामाला. फोन कंपनीच्या अंबोनच्या ऑफिसातून निरोप आला होता की नऊ दिवस या टॉवरचा वापर जवळपास शून्य आहे, जाऊन बघा, बिघाड आहे का. बिघाड तर काहीच नव्हता.

सव्वीस वर्षं ती हेच करत होती, नकाशावर बेटं मांडायची आणि टॉवर कुठे, किती उंच, कशावर चालेल ते ठरवायचं. अकरा वर्षांपूर्वी एका बेटावर तिने डिझेलचा जनरेटर झऱ्याच्या वरच्या अंगाला बसवला. जागा सोयीची होती. दोन पावसाळ्यांत तेल झिरपून झऱ्याच्या पाण्याला वास यायला लागला आणि तिथल्या बायका अजून दुसऱ्या बाजूने डोंगर चढून पाणी आणतात. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, डिझेलचा थेंब न लागणारं जाळं. ते तिने इथे उभं केलं. कनारीची सहा जुनी झाडं वाचावीत म्हणून पॅनेलसुद्धा मोजकेच लावले. ऑफिसने नाकं मुरडत तीन महिने दिले होते. उद्या शनिवारी ते संपत होते. सरासरी वापर ठरल्यापेक्षा कमी भरला तर हा टॉवर काढून बंदरावर न्यायचा, आणि यादीतल्या उरलेल्या अकरा बेटांवर जनरेटर.

अंबोनच्या साहेबांशी फोनवर बोलायला ती बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत चालत गेली. तिथे बंदरावरच्या टॉवरची एक काडी रेंज मिळते. सासी असताना गावच्या टॉवरवरून बोलायचं तिच्या मनातही आलं नाही.

"इबू, बिघाड नाही म्हणता, मग लोक वापरत का नाहीत?" हेंद्रावान साहेबांनी विचारलं. तिच्या मुलाच्या वयाचा माणूस, तिला मानाने इबू, म्हणजे बाई, म्हणायचा, स्वभावाने वाईट नव्हता.

"वाचवतायत. त्यांनी स्वतःहून बंदी घातलीय. साहेब, अहो, आपल्याला हेच तर हवं होतं!"

"मला पटतं हो. पण वापराच्या रकान्यात मी काय लिहू? झावळी?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज आणि उद्या लोकांना भरपूर वापरायला सांगा ना," तो हळूच म्हणाला. "सिनेमे बघू दे. उद्या संध्याकाळपर्यंत आकडा वर आला की मी वरती भांडतो. एवढं तरी करा."

परतताना वाट दुप्पट लांब वाटली.

बापा लुकासांच्या ओसरीवर गावातली म्हातारी तांते नेल्चे एनबाल भाजत बसली होती. कसाव्याच्या त्या कडक भाकरीचा तुकडा आणि भाजलेला मासा तिने याकोमिनापुढे ठेवला. म्हातारीची लेक दूर सोरोंगला होती आणि सहा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. ती बातमीसुद्धा होडीवाल्याने आणली.

याकोमिनाने काही न लपवता सगळं सांगितलं. टॉवर जाईल हेही.

बापा लुकासांनी दाढी कुरवाळली. "रविवारी सोडायची ठरलीय," ते म्हणाले. "पण शब्द तुमचा होता. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता जाऊन सोडतो. बोला."

"असं कसं बोला?" तांते नेल्चे उसळली. "नातीचं रडणं मी अजून ऐकलं नाही. फोन उशाशी असून नाही ऐकलं. आणि आता कुणाच्या आकड्यासाठी ऐकू? याको, तूच सांग बाई. ही झावळी मुदतीआधी सोडली तर परत कोण मानेल हिला?"

याकोमिनाने हातातला तुकडा खाली ठेवला. म्हातारीने नेमकं बोट ठेवलं होतं. टॉवर उन्हावर चालत होता हे अर्धंच खरं होतं. ढग आले की तो त्या झावळीवर चालत होता. ती एकदा खोटी पडली की पुढच्या ढगात बॅटरी जाणार, आणि मग जनरेटर येणारच, इथेही. पण नाही सोडली तर अकरा बेटं गेली. सव्वीस वर्षांत तिला इतकं थकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

"राहू दे बांधलेली," ती म्हणाली. "रविवारीच सोडा."

शनिवार तसाच गेला. तिने अहवाल लिहिला. वापराच्या रकान्यात खरा आकडा घातला, आणि खाली शेऱ्यात, जिथे कोणी वाचत नाही तिथे, सासीबद्दल सविस्तर लिहिलं. दुपारी पुन्हा दक्षिण टोकाला जाऊन तो पाठवला.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळं गाव टेकडीवर आलं. बापा लुकासांनी पुटपुटत गाठ सोडली. झावळी एव्हाना वाळून करडी झाली होती. लोकांनी एकदम फोन सुरू केले आणि टेकडीभर घंट्या वाजायला लागल्या. कोणी हसत होतं, कोणी दूरच्या भावाला शिव्या घालत होतं.

याकोमिनाचा फोनही वाजला. साहेबांचा निरोप होता. त्याने रविवारी, सुट्टीच्या दिवशी पाठवला होता. *इबू, माफ करा. वरती नाही ऐकलं. माणसं मंगळवारी येतील, टॉवर उतरवायला. शेरा मी वाचला.*

तिने तो दोनदा वाचला.

"कोणाचा गं?" तांते नेल्चेने विचारलं. तिचा फोन कानाला लावलेला होता आणि पलीकडे अजून घंटीच वाजत होती.

"ऑफिसचा. सांगते मागाहून," याकोमिना म्हणाली. "तू बोल आधी."

पलीकडून कोणीतरी फोन उचलला, आणि तान्ह्या बाळाचं किरकिरं रडणं याकोमिनालाही ऐकू आलं. म्हातारी नुसती ऐकत राहिली. याकोमिनाने सवयीने वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. तिने आपला फोन बंद केला, पिशवीत टाकला आणि फाटकापाशी पडलेली झावळी उचलून, परत बांधायची असल्यासारखी, तिची पाती एकेक करून सरळ करत बसली.