अकरा तास

वेणुगोपाळरावांनी हजेरीपटावर लाल शाईने फुली मारली आणि पेनाला टोपण लावले. तेवढ्यात पूंगोडी वर्गाच्या दारात आली. धापा टाकत होती. डब्याची पिशवी छातीशी धरलेली.

"फाटकाशी बस थांबली, सार."

"रोजच थांबते."

"आगगाडी रोजच येते, सार."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. त्यांनी तिला हाताने बसायला सांगितले, पण फुली तशीच ठेवली.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्यांनी फुल्या मोजल्या. हजेरीत अकरा तास कमी. परीक्षेला बसता येणार नव्हते. पूंगोडी टेबलापाशी उभी राहिली.

"या वर्षी नाही बसले तर अप्पा परत पाठवणार नाहीत," ती म्हणाली. "पट्टीश्वरमात माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलंय."

शेजारच्या खुर्चीवरून सहकारी कृष्णमूर्ती म्हणाले, "राव, फुल्यांच्या जागी बरोबरच्या खुणा करा. कोण बघतंय?"

"आली नाही तिला आली कसं लिहू?"

सव्वीस वर्षांत त्यांनी एकही खोटी खूण केली नव्हती. त्यांची बायको वेंकटलक्ष्मी म्हणायची, देवाची वहीसुद्धा एवढी कडक नसेल. ती पोंगलच्या सणानंतर वारली. आता असे म्हणणारे घरात कोणी नव्हते.

ते प्राचार्यांना भेटले. जादा तास घेतले तर हजेरी धरू, असे प्राचार्य म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेचारला वेणुगोपाळरावांनी घराचा ओटा झाडला आणि भिंतीला फळा टेकवला.

पूंगोडीबरोबर तिचा बाप आला. स्वामीनाथनचा पानमळा होता. सायकल भिंतीला लावून तो ओट्याच्या कडेला बसला.

"ऐया, आत कोणी नाही?"

"नाही."

"मग बोलता कोणाशी?"

वेणुगोपाळरावांनी खडू उचलून पूंगोडीपुढे धरला. "अम्मा, कालचं समीकरण लिही."

तास संपला की ते हजेरीपटात खूण करत आणि जादा तासांच्या सगळ्या खुणा बोटाने मोजत. मोजणी मराठीत व्हायची. तमिळ मुलखातल्या त्या घरात मराठी बोलायला वेंकटलक्ष्मीच होती. आता मराठीत राहिले होते ते एवढे आकडेच. एक, दोन. पूंगोडीला पहिल्या दिवशी हसू आले. पाचव्या दिवशी तीही ओठ हलवत होती.

स्वामीनाथन रोज केळीच्या सोपटात गुंडाळून पाने आणू लागला. वेणुगोपाळरावांनी आतून वेंकटलक्ष्मीची चुन्याची डबी आणली. चुना वाळून दगड झाला होता. त्यांनी त्यात पाणी घातले आणि काडीने बराच वेळ ढवळले.

"या पानाला चुना कमी लागतो, ऐया."

"ती जास्तच लावायची."

"मग तोंड भाजत असेल."

"भाजायचं," वेणुगोपाळराव म्हणाले. "आणि दोष मला द्यायची."

स्वामीनाथन मोठ्याने हसला. त्या ओट्यावर बऱ्याच महिन्यांनी कोणी हसले होते.

अकराव्या दिवशी पूंगोडीने शेवटचे गणित न विचारता सोडवले. वेणुगोपाळरावांनी ते दोनदा तपासले. मग कॉलेजचा जादा तासांचा अर्ज काढून त्यावर अकरा असे लिहिले, सही केली आणि तिच्या हातात दिला.

"सकाळी ऑफिसात दे. आता तुला कोणी अडवणार नाही."

ती पाया पडली. स्वामीनाथन उठून धोतर झटकू लागला.

वेणुगोपाळरावांनी हजेरीपट उघडला. खूण करण्यासाठी पेन धरले, आणि आधीच्या खुणा मोजू लागले. आठ. नऊ. दहा. पेन तसेच राहिले. त्यांनी टोपण लावले.

"अजून एक तास राहिलाय," ते म्हणाले.

पूंगोडीच्या ओठांवर पुढचा आकडा येऊन थांबला होता. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग हातातल्या अर्जाकडे. अर्जाची घडी करून तिने तो वहीत ठेवला.

"हो, सार. राहिलाय."

"मला वाटलं आज संपलं," स्वामीनाथन म्हणाला.

"नाही अप्पा. सार बरोबर मोजतात."

स्वामीनाथनने सायकल काढली. वळणापर्यंत तिची कुरकुर ऐकू येत होती. वेणुगोपाळरावांनी फळा पुसला, पण आत नेला नाही. मग चुन्याच्या डबीत थोडे पाणी घालून ती झाकून ठेवली.