चिमणीचे केस

बाविसाव्या वर्षापासून मी म्हाताऱ्यांना आवाज देत आले. आधी नाटकात, मग रेडिओवर. खाष्ट सासू हवी की मला बोलावणं यायचं. सत्तरी ओलांडल्यावर कुठे माझं वय माझ्या आवाजाला येऊन मिळालं, आणि नेमका हा कार्टूनपट आला. गोष्ट जुनी, जपानी. म्हाताऱ्याची लाडकी चिमणी म्हातारीची कपड्यांची खळ खाते, म्हातारी कात्रीने तिची जीभ कापते. पुढे चिमणी म्हाताऱ्याला छोटी पेटी देते, तीत सोनं. हावरट म्हातारी मोठी पेटी उचलते, तीत साप. म्हातारी मी.

आजी नटी होती हे नातीच्या वर्गात कुणी मानेना. म्हणून पहिल्या खेळाला तिच्या दोन मैत्रिणी येणार होत्या, खात्री करायला. मोठी पेटी उचलतानाचं वाक्य तर तिने माझ्याकडून घरी इतकं घोटून घेतलं की मुलगा वैतागला.

चिमणी होती निर्मात्यांची सून. पहिल्याच दिवशी तिने कागद मिटून ठेवले.

"सुरुवातीलाच माझी जीभ कापली जाते. मग मी काय करायचं?"

"गप्प राहायचं, ताई," ध्वनिमुद्रक म्हणाला. "गोष्टच तशी आहे."

"पोस्टरवर माझं नाव सगळ्यात मोठं आहे."

"आणि सिनेमा घरादाराने बघायचा आहे," निर्माते म्हणाले. "जिभा कसल्या कापता?"

चित्रं तर काढून झालेली. हातातली कात्री लपवणार कुठे? दिग्दर्शकांनी तोड काढली: म्हातारी चिमणीचे केस कापते, ते चिमणीला आवडत नाहीत, ती रुसून उडून जाते. आमच्या वेळचे दिग्दर्शक निर्मात्याशी भांडायचे. हरायचे, पण भांडायचे. यांनी पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

केस कापणं हा काही गुन्हा नव्हे, तेव्हा शिक्षाही नको. साप मैत्रीचं गाणं म्हणू लागले. मग म्हातारीचा खाष्टपणा उगाचच वाटायला लागला आणि तिची वाक्यं एकेक करून गेली. शेवटी पेटीचंही गेलं.

"हावरट म्हातारी दाखवली तर ज्येष्ठांचा अपमान होतो, आजी," दिग्दर्शक मला समजावत होते.

"पडद्यावर तोंड हलतंय माझं."

"तिथे व्हायोलिन चढवू."

माझा मान राखण्यासाठी मला गप्प केलं होतं. घरी हे सांगायला माझी जीभ रेटेना.

खेळाच्या दिवशी चिमणी अखंड बोलत होती. "तुझ्या आजीचा आवाज कधी येणार?" एका मैत्रिणीने विचारलं. नात माझ्याकडे बघेना.

पेटीचा प्रसंग आला. म्हातारीने तोंड उघडलं, व्हायोलिन सुरू झालं. माइक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला मी शिकलेली. त्या म्हातारीचे ओठ मला पाठ होते.

"मोठी माझी. ओझं वाहायला नवरा आहेच की घरी."

अंधारात आधी एक पुरुष हसला, मग त्याची बायको, मग रांगाच्या रांगा. नातीने मैत्रिणींकडे पाहिलंही नाही. नुसतं नाक वर केलं.

आमच्या पुढच्या रांगेत निर्माते ध्वनिमुद्रकाकडे झुकले. "ही जागा झकास जमली. कुणी लिहिली?"

"आपण कापली होती ती, साहेब."

सून मागे वळून म्हणाली, "शूऽऽ, माझं वाक्य येतंय."