मास्तरांनी कणगी झाडली

"जगन, आता मी जे सांगणार ते तू खरं मानणार नाहीस. अजून कोणीच मानलेलं नाही. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांतले शब्द मी एका दुपारी झाडून टाकले. एकट्यानं. बसल्या जागी."

जगन आमचा शेजारी. आमच्या ओटीवर बसून बांबूची पाटी विणत होता. त्यानं मानही वर केली नाही. "मास्तर, गेल्या आठवड्यात तुम्ही शिरपामाळावर बिबट्याला पाढे शिकवले होते."

"ते फक्त सातापर्यंत. हे वेगळं आहे."

बुधी, माझी बायको, भिंतीला पाठ लावून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात नागली. बोटं खडे वेचत होती, तोंड बंद. सोमवारपासून ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसर पडणार, कधी कमी कधी जास्त. वर्षभर बघतोय मी, तिच्या डोक्यातले शब्द एकेक करून उठून चाललेत. आधी माणसांची नावं गेली, मग भांड्यांची. जे राहिलंय ते कागदावर उतरवून घ्यायचं, एवढं एकच काम मी म्हातारपणी अंगावर घेतलं होतं. आणि त्याचीच मी माती केली.

तर योगिता. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता जव्हारला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीला येणारी पोरं घरची बोली बोलतात आणि पुस्तक भलतंच काही बोलतं, म्हणून तिनं दोन्ही तालुक्यांतले सात-आठ मास्तर आणि बाई गोळा केले. सगळ्यांनी मिळून शब्दांचं पुस्तक करायचं. घरचा शब्द, शेजारी शाळेचा शब्द, खाली चित्र. ते ठेवायला तिनं कोणीतरी मोडीत काढलेला संगणक आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी उभा केला. त्यात गिट नावाचा कारभारी बसवला. कोणी कोणता शब्द कधी दिला, कोणी तो बदलला, आधी काय होता, सगळं त्याच्या ध्यानात राहतं.

"म्हणजे तलाठी," जगन म्हणाला.

"तलाठीच. पण हा रोज जागेवर असतो."

रीत साधी होती. ज्यानं त्यानं आपल्या गावात लिहायचं, झालं की जव्हारच्या यंत्राकडे धाडायचं, दुसऱ्यांनी धाडलेलं आपल्याकडे उतरवून घ्यायचं. त्यामुळे प्रत्येकाच्या घरी अख्ख्या पुस्तकाची एक प्रत. पण सुरुवातीला योगितानं आम्हाला यंत्राच्या आत शिरायचीही किल्ली दिली होती. आत शिरलं की शेल नावाचा गडी भेटतो. उघड म्हटलं की उघडतो, हलव म्हटलं की हलवतो, पूस म्हटलं की पुसतो. का म्हणून विचारत नाही. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण एवढं ऐकणारं पोर मला एकही भेटलं नव्हतं.

बाकीचे शहाणे. घरी लिहीत, धाडून मोकळे होत. मी मात्र इथून, साखरशेतातून, थेट जव्हारच्या यंत्रात जाऊन बसायचो. रेंज यावी म्हणून लॅपटॉप काखेत मारून आंब्याच्या शेंड्यावर चढायचो आणि दिवसभर तिथेच.

"आंब्याच्या शेंड्यावर?" जगननं कांब दातात धरली होती, ती काढली. "मास्तर, गेल्या पावसाळ्यात तुम्हाला ओटीवर चढवायला दोन माणसं लागली. त्यातला एक मी."

"बरं, आंब्याखाली. खाट टाकून."

आत प्रत्येकाला आपापली खोली होती. माझ्या खोलीत मी बुधीचे शब्द लिहून ठेवत होतो. चारशेच्या वर झाले होते. रानभाज्यांची नावं. भाताच्या ज्या जाती आता कोणी पेरत नाही, त्यांची नावं. पावसाच्या सरी किती तऱ्हेच्या, त्या सगळ्या. रडणाऱ्या पोराला झोपवताना म्हणायचं ते. पुस्तकात अजून दिले नव्हते. म्हटलं, बुधीचे आहेत, नीट पाखडून मग देऊ. घरी प्रत नाही. कशाला हवी? मी आतलाच माणूस.

मग भात झोडून झाला. आमच्याकडे नवा भात कणगीत भरण्याआधी जुना दाणा बाहेर काढून अंगणात उन्हाला टाकतात. रिकामी कणगी उलटी करून बडवतात, कोंडा, किडे, जाळी सगळं झाडतात, शेणानं सारवतात आणि मग भरतात. हे काम घरच्या बाईचं. दुसऱ्यानं कणगीत हात घालायचा नाही. बुधी माणसांची नावं विसरली, पण हे विसरली नाही. यंदाही तिनं एकटीनं केलं. मी नेहमीसारखा दारातून बघत उभा.

बघता बघता माझ्या डोक्यात आलं. मोखाड्याकडून त्याच आठवड्यात नव्या शब्दांची मोठी रास येणार होती. म्हटलं, यंत्राची कणगी कोणी झाडलीये का? आपण वडीलधारे, आपणच झाडून देऊ. पोरीला बरं वाटेल.

शिरलो आत. आधी बुधीचे शब्द बाहेर काढले आणि उन्हाला टाकले. यंत्रात एक मोकळी जागा असते, अंगणासारखी, कोणीही काहीही थोड्या वेळापुरतं ठेवावं अशी. तिथे पसरले. मग पुस्तकाच्या खोलीत गेलो तर काय, कोपरान् कोपरा भुशानं भरलेला! एकेकाचं नाव बघ तू. ए सात नऊ एफ. डी शून्य शून्य बी. ना आपल्या बोलीत, ना मराठीत. असे हजारो. म्हटलं, या पोरीनं वर्षभर झाडू मारलेला नाही. गड्याला म्हटलं, पूस. त्यानं पुसलं. मला इतकं समाधान वाटलं जगन, की खाटेवर तासभर झोपलो.

"तोच दाणा होता?"

"तोच दाणा होता. यंत्र दाण्याला तसलीच नावं देतं. मला काय ठाऊक!"

आणि त्या दुपारी काय झालं ते जव्हारच्या बाजारात कोणालाही विचार. बटाट्याला काय म्हणतात ते भाजीवालीला आठवेना, म्हणून तिनं सगळे बटाटे घरी नेले. एसटीच्या कंडक्टरला मोखाडा हा शब्द सापडेना, गाडी दीड तास उभी. आमच्या ओढ्यातला खेकडा, तिरकं चालणं ज्याला म्हणतात ते त्याला आठवेना, तो सरळ चालायला लागला. सरळ! माझ्या पायावरून गेला.

जगन हसून हसून खोकायला लागला. मी तिरक्या नजरेनं बुधीकडे बघितलं. तिनं खडा वेचला, बाजूला टाकला. दुसरा वेचला.

खरं सांगायचं तर बाजारात काहीच झालं नाही. झालं ते योगिताच्या स्वयंपाकघरात. तिच्या शाळेतल्या पोरांच्या चाचणीला पुस्तक हवं होतं आणि यंत्र काही देईना. यंत्र अडकलं असेल म्हणून तिनं ते बंद केलं, परत चालू केलं. आणि ती अंगणासारखी जागा, यंत्र बंद होऊन चालू झालं की आपोआप झाडली जाते. तसा नियमच असतो.

तिचा फोन आला, आणि मी जीपनं जव्हारला पोचलो तोवर पुस्तक परत आलं होतं. मोखाड्याच्या रोहिणी बाईकडे प्रत होती, तिनं धाडली, दहा मिनिटांचं काम. योगिता माझ्यासाठी चहा ठेवत होती. हसत म्हणाली, "मास्तर, तुम्ही तर अख्खं पुस्तक खाल्लंत."

मी विचारलं, "आणि अंगणातले?"

"कुठल्या अंगणातले?"

मी सांगितलं. तिनं गॅस बंद केला. दोन दिवस ती पोरगी त्या यंत्राच्या पोटात शोधत होती. कोणाकोणाला फोन केले. तिसऱ्या दिवशी तिचाच मला फोन. म्हणाली, "मास्तर, बंद-चालू मीच केलं. माझ्या हातानं गेले." मी म्हटलं, "वेडी आहेस का, उन्हात मी टाकले होते." थोडा वेळ आम्ही दोघं ते शब्द आपापल्याकडे ओढत बसलो, हे माझ्यामुळे गेले, नाही माझ्यामुळे. शेवटी ती म्हणाली, "आजींना परत विचारू या ना." मी हो म्हटलं. बुधी आता विचारलं तर सांगत नाही, हे तिला सांगायला जीभ उचलली नाही.

पुढच्या रविवारी मी सवयीनं आंब्याखाली खाट टाकली, किल्ली लावली. यंत्रानं लिहिलं: राम राम मधु मास्तर. ओळख पटली. शब्द द्या, शब्द न्या. आत बसायची सोय नाही.

आणि तोंडावर दार बंद!

"अपमानच," जगन म्हणाला.

"अपमानच! तसाच उठलो, जीप पकडली."

योगिता शाळेतून नुकती आली होती. मी दारातूनच सुरू केलं. "मला चोर ठरवलंस? तुला बाराखडी कोणी शिकवली?"

"तुम्हीच. आधी बसा, मास्तर."

"बसायची सोय नाही असं लिहिलंयस ना!"

तिनं पिशवी खाली ठेवली. आपला लॅपटॉप उघडला, स्वतःच्या नावानं किल्ली लावली, माझ्याकडे वळवला. राम राम योगिता. ओळख पटली. शब्द द्या, शब्द न्या. आत बसायची सोय नाही.

"सगळ्यांचं तेच केलंय," ती म्हणाली. "दारातला गडी बदलला. जुना काहीही ऐकायचा. याला दोनच कामं येतात, आलेलं घ्यायचं आणि मागितलेलं द्यायचं. आत काही करायचं झालं तर मला इथे, फळीपुढे उभं राहून करावं लागतं."

"पण मी मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम कोण करतं? मास्तर, तुम्ही घरच्या कणगीत कधी हात घातलाय?"

"माझी काय बिशाद!"

"आजी तुम्हाला चोर समजतात म्हणून?"

तिनं चहा पुढे केला. चहा प्यायलो. चांगला झाला होता.

तेव्हापासून मी आंब्याखाली जात नाही. आत बसायला मिळत नाही तर उन्हातून तिथवर कशाला जाऊ? इथे ओटीवर, बुधीशेजारी वही घेऊन बसतो. जमेल ते लिहितो, संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर रेंज मिळते, तिथून धाडतो, गडी घेतो, संपलं. पण लिहायचं काय? सुरुवातीला मी विचारायचो, बुधी, याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात? ती हाताकडे बघायची आणि गप्प व्हायची. छत्तीस वर्षं वर्गात हेच तोंड बघितलंय मी. येत असलेलंही उठवून विचारलं की पळून जातं. मग एक दिवस मी पोस्टमनला एका भाजीचं नाव ठोकून चुकीचं सांगितलं, आणि आतून चुलीपाशी बुधी कडाडली. बरोबर नाव, वर दोन शिव्या. मी तिन्ही लिहून घेतली.

"म्हणजे तुम्ही तेवढ्यासाठी थापा मारता?" जगननं हात थांबवला.

"थापा मी आधीपासून मारतो. आता कामाला लावल्यात."

"मग आले किती?"

"चौतीस. सोमवारपासून एकही नाही."

जगननं बुधीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाटी बाजूला ठेवली. आवाज चढवून म्हणाला, "मास्तर, खेकड्याचं जाऊ द्या. एखादी मोठी होऊ द्या."

मी पाय पसरले. "मोठी? मग ऐक. माझी पहिली नेमणूक वावर गावाकडे. आमचं नवं लग्न. जून संपत आलेला, ओढ्याला छातीइतकं पाणी. ही काठावर उभी, थरथर कापतेय, डोळ्यांना धार. मी नाही येत, मी वाहून जाईन. मी म्हटलं, बुधी, मी आहे ना! डोक्यावर ट्रंक घेतली, हिला पाठुंगळी घेतली, आणि त्या पाण्यातून असा निघालो, असा निघालो, की..."

सुपातली बोटं थांबली.

"खोटं!" बुधी म्हणाली.

मी हळूच वही उघडली.

"खोटारडा मेला. मी नेला याला. माझ्या पाठीवर. नवे बूट उराशी धरून रडत होता, भिजतील म्हणून."