ओला फिल्टर

थोरलीने व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला, तसे तिचे वडील खुर्ची घेऊन उठले आणि भिंतीला हात लावत गॅलरीत जाऊन बसले.  त्यांचं नाक आक्रसलेलं तिने पाहिलं.

मशीन कुबट वास मारत होतं, हे तिलाही कळत होतं. गादीखाली महिनाभर दबून राहिलेल्या टॉवेलसारखा वास. फरशी स्वच्छ व्हायची, घर मात्र घाण झाल्यासारखं वाटायचं.

"धाकटीकडे मशीन फिरलं ना," बाबा गॅलरीतून म्हणाले, "की घर इस्त्रीच्या चादरीसारखं लागतं."

झालं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

एरवी तिने हे कानाआड केलं असतं. पण रविवार तीन दिवसांवर होता. बाबांची नजर अधू होत चालली होती. आजवर तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे असं चालायचं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकच घर ठरवा, पायांना सवय होऊ द्या. कोणतं घर, ते बाबा रविवारी सांगणार होते. धाकटीचा नवरा गाडी घेऊन येणारच होता. बाबांनी तिकडचं म्हटलं तर सामानासकट न्यायला.

थोरली रुग्णालयात परिचारिका होती, वॉर्डाची प्रमुख. बाबांच्या गोळ्या, थेंब, गरम पाणी, सगळं घड्याळावर. पाण्याचा पेलासुद्धा त्यांना उचलून घ्यावा लागत नसे. ते उठू लागले की ती आतून ओरडे, "बाबा, बसा! मी आहे ना!" आणि धाकटी? दिवसभर शिवणयंत्रावर, घरभर दोरे आणि चिंध्या. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. लहानपणी बाबांच्या सायकलवर पुढची दांडी तिची, मागचं कॅरियर थोरलीचं. आता बाबांचं म्हातारपणही तीच घेऊन जाणार, आणि तेही एका वासापायी?

शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर थोरली ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने धाकटीकडे गेली. धाकटी चहा टाकायला आत वळताच तिने बोळातल्या कपाटातून व्हॅक्यूम क्लीनर ओढला आणि झाकण उघडलं. पिशवी रिकामी. ब्रशात एक केस नाही. चिंध्यांच्या घरातलं मशीन, आणि वास कसलाच नाही! पिशवीच्या तोंडाशी मात्र कापसाचा एक लहानसा बोळा दिसला. तिने हुंगला. अगदी पुसटसा लिंबाचा वास.

"सापडलीस!" थोरली मनात म्हणाली.

"ताई, काय शोधतेस?" धाकटी कप घेऊन दारात उभी.

"कानातलं पडलं गं."

"व्हॅक्यूममध्ये?"

"आत गेलं असेल म्हटलं."

धाकटीने तिच्या दोन्ही कानांकडे पाहिलं. दोन्ही कुड्या जागच्या जागी होत्या. ती हसली नाही, आणि ते थोरलीला जास्त लागलं.

"आज चालू नको करूस हं," धाकटी म्हणाली, "फिल्टर धुतलाय, खिडकीत ठेवलाय. तो..."

"धुतात, माहितीये मला," थोरलीने तिचं वाक्य तोडलं. धाकटीकडून शिकायचं? त्यापेक्षा तो वास परवडला. खिडकीतल्या वर्तमानपत्रावर फिल्टर आडवा पडला होता. तिने तो पाहिला आणि चहा संपवला.

शनिवारी सकाळी थोरलीने कंबर कसली. पिशवी झटकली, फिल्टर नळाखाली धरला, केस वाळवायच्या मशीनने त्यावर दहा मिनिटं वारा मारला. वरून कोरडा लागला, बसवून टाकला. धाकटीने सुपारीएवढा बोळा ठेवला होता. हिने मूठभर कापूस घेऊन त्यावर अर्धी बाटली सेंट ओतलं. करायचं तर धाकटीच्या वरताण.

मशीन सुरू झालं. पहिली दोन मिनिटं बाग फुलल्यासारखी वाटली. मग गोडाच्या आतून ओल वर आली आणि दोन्हींची अशी काही गट्टी जमली, की तिचा नवरा अंघोळ अर्धी टाकून बाहेर आला.

"भिजलेल्या कुत्र्याला अत्तर लावलंय का कुणी?"

"तुम्ही आत जा!"

बाबा खोकत होते. या वेळी ते गॅलरीत गेले नाहीत. आवाजाच्या रोखाने आले आणि बटण चाचपून मशीन बंद केलं.

"फिल्टर ओला घातलास."

"वाळवला होता."

"वरून. चाळीस वर्षं लाँड्री चालवली मी, पोरी. आतून दमट कपड्याची घडी घातली, की वर सेंटचं पिंप ओत, वास येणारच. पूर्ण एक दिवस वाळवावा लागतो. धाकटीला पहिल्याच वेळी सांगितलं होतं."

"म्हणजे तिचं मशीन..."

"मीच करायचो, दर रविवारी. ब्रशातले दोरे काढायचे, पिशवी उलटी करायची, फिल्टर धुवायचा. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. मी इकडे असलो की ती करते. लिंबाचा बोळा तिची हौस. त्याने काही होत नाही."

थोरलीच्या पोटात आता वेगळंच दुखू लागलं. "तिने तुम्हाला कामाला लावलं?"

"मी मागितलं, तिने दिलं." बाबांनी मशीनवर हात टेकवला. "तुझ्याकडेही मागितलं होतं. आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात."

तिला आठवलं. बाबा मशीनपाशी उकिडवे बसले होते, झाकणाची खिटी चाचपत. तिने दंडाला धरून त्यांना उठवलं होतं. काय म्हणाली होती, तेही आठवलं.

 तिने वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर मशीन ठेवलं, आणि बादलीत पाणी आणलं. कापूस स्वतः फेकून दिला. बाबा खाली बसताना तिचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेतला.

बाबांनी ब्रश उलटा केला. बोटांनी केसांचा गुंता शोधला, कात्रीने कापून ओढून काढला. "अरेरे, इथे तर अख्खी वेणी निघतेय!" ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हा आवाज तिने या घरात ऐकला नव्हता. धाकटीने तो दर रविवारी ऐकला होता. हे मनात आलं आणि जीव पुन्हा जळला.

फिल्टर गॅलरीत वाळत ठेवल्यावर बाबा म्हणाले, "धाकटीला फोन लावून दे."

थोरलीने लावून दिला. तिथून हलली मात्र नाही.

"हां, मी बोलतोय. जावईबापूंना सांग, उद्या गाडी आणू नका... नाही, तब्येत उत्तम आहे. इथला फिल्टर धुतलाय, तो उद्या बसवायचाय. नळीपण बघायचीये, आत काहीतरी अडकलंय... कधी? ते आता काय सांगू? इथे बरंच काम निघालंय गं. मी इथेच राहतो."

पलीकडून उत्तर आलं नाही. फोनला कान न लावताही थोरलीला ते गप्प राहणं ऐकू आलं. ते तिच्या चांगलंच ओळखीचं होतं; सायकलच्या कॅरियरवर बसून तिने ते कितीदा गिळलं होतं.

"ताईला दे," शेवटी धाकटी म्हणाली.

थोरलीने फोन घेतला.

"कानातलं सापडलं का गं?" धाकटीने विचारलं.