रणधीरच्या गुडघ्यावरची मी

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या आणि मग ऐका. मी गुडघ्यावर चढवायची एक नी-कॅप आहे. जुनी, ढिली पडलेली आणि खरं सांगायचं तर घामाचा वास मारणारी. फुटबॉलच्या गोष्टी सांगायचा मान एरवी चेंडूला मिळतो, नाहीतर कपाला. पण चेंडूला लाथा खाण्यातून सवड नसते आणि कप काचेच्या कपाटात फुगून बसलेला असतो. खेळणाऱ्याच्या गुडघ्यात काय चाललंय, ते त्या दोघांना काय ठाऊक?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. रबर आणि सूत एकत्र विणून मला घडवलं आणि उमरग्याच्या एका औषधाच्या दुकानात आणून टांगलं. तिथून मला रणधीरनं नेलं, ते स्वतःसाठी नव्हे, आईसाठी. प्रेमाबाई दिवसभर शेतात खुरपायच्या आणि संध्याकाळी चुलीपुढून उठताना भिंतीला हात टेकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला उलटंच घातलं. मग सरळ घालून अंगणात फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "लई बरं वाटायलंय रं. कुणीतरी गुडघा धरून बसल्यागत." एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. शेतात जाताना मी, मुरुमच्या बाजारात मी, लग्नकार्यात लुगड्याखालीही मी. फार सुखाचे दिवस होते ते.

रणधीर मुरुमजवळच्या एका कॉलेजात शिकायचा आणि तिथल्या फुटबॉल संघात सगळ्यात पुढं खेळायचा. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्यांचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि एका पेनल्टीवर हरला. त्या दिवसापासून साऱ्या गावाचा जीव त्या कपात अडकला. पोरं आता आपापल्या वाटेनं जायची होती. रणधीरला पोलीस भरतीची तयारी करायची होती. पण जो भेटेल तो एकच म्हणे, "एक वरीस थांब की रं." शेवटी रणधीरनं एम.ए.ला नाव घातलं. त्याचा दोस्त, गोलकीपर अबुजर, त्यानंही घातलं. मधल्या फळीतले दोघंही थांबले.

मग काय विचारता! चहाच्या गाड्यावरचा चहावाला शंभुलिंग बोटं मोजायला लागला. "रणधीर परत, अबुजर परत, मधली दोघं परत. कप तर आलाच म्हणा. आता फकस्त ठिवायचा कुठं, त्येवढं बघा." ज्यांनी जन्मात मैदानाकडं ढुंकून बघितलं नव्हतं, तेही मिरवणुकीला हलगी कुणाची सांगायची यावर वाद घालू लागले. गेल्या वर्षीच्या खेळावर यंदाची आशा बांधलेली. मधला उन्हाळा कुणी हिशोबात धरलाच नव्हता.

त्या उन्हाळ्यात भरतीसाठी पळताना रणधीरचा गुडघा मुरगळला होता. सूज उतरली, पण गुडघा मधूनच दगा द्यायचा. त्यानं कुणाला सांगितलं नाही. एवढ्या आनंदावर विरजण घालायला त्याचं मन होईना.

एका सकाळी आईची नजर चुकवून त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर ओढलं. अहो, मी बाईमाणसाच्या मापाची! माझी वीण करकरली. कुणी विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं, "मैदान मुरमाड हाय, खरचटतंय." लोकांना ते पटलं. पटलं म्हणजे किती, तर दोन नव्या पोरांनी हौसेनं माझ्यासारख्याच नी-कॅप विकत आणल्या. मोठा खेळाडू घालतो म्हणून!

घरी प्रेमाबाई शोधत होत्या. "आरं रणधीर, माझी गुडघ्याची ती दिसली का रं कुठं?"

"न्हाय की," तो म्हणाला. मी त्याच्याच पिशवीत होते. प्रेमाबाई पुन्हा भिंतीला हात टेकून उठू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

संघाचे गुरू महांतेश सर भले गृहस्थ. पण त्यांच्या मैदानावर एक रीत होती, तिला 'जुन्यांचा मान' म्हणत. हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटायचा, परत आलेल्यांना त्यांच्या जुन्या नंबरच्या जर्सी मानानं हातात मिळायच्या आणि चाचणी द्यायची ती फक्त नव्यांनी. त्या दिवशी नवी पोरं ऊर फुटेस्तोवर पळाली आणि जुने सावलीत बसून टाळ्या वाजवत राहिले. पहिल्या वर्षाचा उत्कर्ष सगळ्यांना मागं टाकून पुढं निघाला.

"चांगला हायस," सर त्याला म्हणाले. "पर पुढं आपला रणधीर हाय की. तू बदली खेळाडूंत बस."

सरांनी रणधीरला एकदा, अगदी एकदाच, मैदानाच्या टोकापर्यंत पळवलं असतं तरी त्यांना सगळं कळलं असतं. मान द्यायच्या नादात त्यांनी त्याला बघितलंच नाही. आजही आठवलं की माझा जीव तुटतो.

अबुजरला मात्र शंका आली. बूट घालताना रणधीर पाय वाकवत नव्हता.

"दुखायलंय का?"

"काय न्हाय."

"खोटं नको बोलू यार. सरांना सांग. उत्कर्ष हाय की."

रणधीर बराच वेळ बुटाची नाडी ओढत बसला. "समदी माझ्याकडं डोळं लावून बसल्यात, अबुजर. परत आलोय म्हणून थाप मारून घेतली पाठीवर. आता न्हाय कसं म्हणू?"

दोस्ताचं मन मोडून सरांकडं जावं, की दोस्ताला खेळू द्यावं, हे अबुजरला ठरवता आलं नाही.

पहिला सामना संघानं जिंकला. गोल रणधीरचाच. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि लोकांच्या आशेला आणखी धुमारे फुटले. वर तो हसत होता आणि माझ्या आत गुडघा टम्म फुगत होता. दुसऱ्या सामन्यात तो चेंडू मारायला वळला. पाय जमिनीत रुतून राहिला आणि अंग फिरलं. आत काहीतरी तुटलं, ते मला स्पष्ट कळलं. मी जिवाच्या आकांतानं आवळून धरलं. पण रबर आणि सूत ते किती धरणार?

सोलापूरच्या दवाखान्यात नर्सनं मला सोलून काढलं आणि प्रेमाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"मागितली असतीस तर दिली नसती का रं?" त्या एवढंच म्हणाल्या.

रणधीरनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. पुढं चालता येईल, पण भरतीचं धावणं आता विसरा. महांतेश सर दारातच उभे होते. "म्या बघाया पायजे होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

संघ पुढच्या फेरीत हरला. गावानं चार दिवस हळहळ केली आणि मग पुढच्या वर्षी कोण कोण परत येणार, याची चर्चा सुरू झाली.

आता रणधीरच्या पायाला डॉक्टरांनी दिलेला लांब, कडक पट्टा असतो. मला त्यानं स्वतःच्या हातानं धुतलं, वाळवलं आणि आईपुढं धरलं. "घाल की, आई." प्रेमाबाईंनी घातलं. पण त्याच्या गुडघ्यावर ताणून ताणून मी सैल झाले आहे. दोन पावलांत मी घसरून त्यांच्या पोटरीवर आले.

"बसती का नीट?" त्यानं खाटेवरून विचारलं.

"बसती की. चांगली बसती," त्या म्हणाल्या. मी त्याला दिसू नये म्हणून त्यांनी लुगडं खाली ओढलं आणि पाय ओढत अंगणात गेल्या. त्यांच्यामागं जाऊन बघायला रणधीरला उठता येत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. मी ढिली झाले, मला खुशाल टाकून द्या, नवी आणा. पण आपलं माणूस परत आलं, की त्याच्याकडून आपल्याला काय मिळेल ते मागाहून ठरवा. आधी त्याच्याजवळ बसा, कुठं दुखतंय का ते विचारा. आणि ते 'न्हाय' म्हणालं, तरी लगेच उठून जाऊ नका.