वकीलसाहेबांची धुरी

"अगं, तिकडे भिवपुरीला पाण्यातून वीज काढतात, आणि मला कोठीतली पाखरं काढता येणार नाहीत? दिवेलागणीला एक जरी उरलं, तर सनद फाडून टाकीन," गोपाळकृष्णपंत म्हणाले.

मालतीबाईंनी राग पदराच्या टोकासारखा दातांत धरून ठेवला. लेकीच्या लग्नात पुण्याच्या विहीणबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या, "कर्जतकडे तांदूळ पिकतो हो, पण ठेवता कुठे येतो?" तेव्हापासून मालतीबाईंनी पोशीरचा बारीक तांदूळ खास जुना करायला ठेवला होता. आज विहीणबाई यायच्या होत्या, आणि सकाळी कणगी उघडली तर आत जाळी, अळ्या, वर भसकन तोंडावर आलेली पाखरं.

"मी चाळते, निवडते. तुम्ही कोर्टात जा."

"आज सुट्टी आहे."

तीच तर रड होती. किडे होऊ नयेत म्हणून माहेरच्या रीतीने त्यांनी तांदळात अख्खे बिब्बे घातले होते. पंतांच्या मते अख्ख्या बिब्ब्याला पाखरं भीक घालत नाहीत, त्याचा अर्क हवेत गेला पाहिजे. मालतीबाई शेजारून चाळण घेऊन येईतो पंतांनी कोठीचं दार आतून लावलं, बिब्बे अडकित्त्याने फोडले आणि शेगडीत टाकले.

थोड्या वेळाने दार उघडलं. आधी धूर आला, मग पंत. बिब्बा उतून गाल भोपळ्यासारखे, डोळे गायब. त्यांच्या मागून पाखरं निघाली आणि देवघरात शिरली.

भांडी घासणारी बुधी राखेचे हात तसेच धरून बघत राहिली. "पाखरं चांगली हायत, बाय. वकीलसायेबच तेवढं कामातनं गेलं."

"अहो, धुरी पाखरांना द्यायची होती," मालतीबाई त्यांच्या तोंडाला खोबरेल थापत म्हणाल्या. हात मायेचा नव्हता. "तुम्ही आत कशाला बसलात?"

"मरतात की नाही ते डोळ्यांनी बघायला नको?"

"मग बघितलंत?"

"त्याआधीच डोळे मिटले गं."

दुपारभर मालतीबाईंनी अंगणात बुधीला घेऊन तो तांदूळ चाळला, निवडला, धुतला. चाळणीच्या हिसक्याहिसक्याला पंतांचा उद्धार चालला होता.

रात्री विहीणबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. "वास जरा निराळाच लागतोय. पण तांदूळ छान राखलात हो, मालतीबाई."

सकाळपासून आवळलेले मालतीबाईंचे दात पहिल्यांदा सुटले.

आचवायला उठेपर्यंत विहीणबाईंचे दोन्ही ओठ उतले होते.