मागच्या बाजूचं झाकण

विमा कचेरीत त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठीमागे 'कार्ड लागेल'. नाव अगदी चपखल होतं. कचेरीतल्या साठ कॉम्प्युटरांची देखभाल त्याच्याकडे, आणि कुणी शेजारी दुसरा स्क्रीन मागितला की हा मान वर न करता सांगायचा, "ग्राफिक्स कार्ड लागेल. अर्ज करा." अर्ज खरेदी खात्यात जायचा आणि तिथंच त्याला मूठमाती मिळायची. मागणाऱ्याची मान दुखायची ती दुखतच राहायची.

तो खोटं बोलायचा असं नाही. वीस वर्षांपूर्वी तो हे काम शिकला तेव्हा मशीनच्या पाठीला स्क्रीन जोडायची जागा एकच असे, दुसरी हवी तर वेगळं कार्ड बसवावं लागे. पुढं मशीनं बदलली, याचं उत्तर काही बदललं नाही. एकदा शिकलेलं पुन्हा तपासून बघावं लागतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो पत्रव्यवहाराच्या टेबलाशी गेला, तर तिथल्या बाईंसमोर दोन स्क्रीन! डावीकडे आलेलं पत्र, उजवीकडे त्याचं उत्तर. बाई निवृत्तीला टेकलेल्या, तोंडानं फटकळ.

"कार्ड कुणी बसवलं?" त्यानं विचारलं.

"कसलं डोंबलाचं कार्ड! मागं दोन भोकं आहेत की. एकावर प्लास्टिकचं झाकण होतं, ते नखानं काढलं. केबल तुमच्याच भंगाराच्या खोक्यात होती." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "काखेत कळसा नि गावाला वळसा, असं झालं हो साहेब तुमचं."

आजूबाजूला खसखस पिकली. तोही ओशाळून हसला आणि खरं-खोटं करायला टेबलाखाली वाकला. मशीनच्या पाठीकडे बघितलं मात्र, तो वाकलेला तसाच राहिला. मशीनचा मुख्य बोर्ड ओळखीचा होता. सात वर्षांपूर्वी असाच बोर्ड घेऊन त्यानं घरी बायकोसाठी मशीन जुळवलं होतं. स्वतःच्या हातांनी.

बायको घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासायची. मूळ मजकूर एका खिडकीत, छपाईचं पान दुसऱ्या खिडकीत, आणि स्क्रीन एकच. मग ती मूळ ओळ वाचायची, पुटपुटत लक्षात धरायची, बटण दाबून दुसरं पान समोर आणायची आणि ओळ ताडून बघायची. हे दिवसातून हजार वेळा. पुटपुटायची इतकी सवय जडली की भाजी चिरताना तिच्या तोंडून कुणाच्या तरी प्रवासवर्णनातली अर्धी ओळ निसटायची, आणि मग दोघं हसायचे.

"अहो, कपाटावरचा तो जुना स्क्रीन द्या ना शेजारी जोडून," ती म्हणायची.

"कार्ड लागेल. बघू."

या 'बघू'वर चार वर्षं गेली. जगाला सल्ले देणारा माणूस, घरात मात्र दिव्याखाली अंधार.

मग परिचारिकांसाठीचं एक जाडजूड पुस्तक तिच्याकडे आलं. त्यात एका पानावर लागोपाठ दोन परिच्छेद एकाच शब्दांनी सुरू होत होते. खिडकी बदलताना ती पहिल्यावरून निघाली आणि दुसऱ्यावर उतरली. औषध कुणाला देऊ नये हे सांगणारा परिच्छेद छपाईच्या पानात अख्खा गळलेला, तो तिला दिसलाच नाही आणि पुस्तक तसंच छापून आलं. नशीब, बाहेर जाण्याआधी कुणाच्या तरी ध्यानात आलं. छापखान्याचे मालक तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलला तो नवराच.

"अख्खा परिच्छेद गळतो? लक्ष कुठं होतं तुझं?"

एवढं बोलून तो जेवायला लागला होता. आठवड्याभरात तिनं हातातली कामं परत पाठवली, "माझं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही" म्हणून. तेव्हापासून ती गॅसचं बटण तीन-तीनदा बघायची, आणि भाचीला चार ओळींचं पत्र लिहिलं तरी त्याच्याकडून वाचून घेतल्याशिवाय पाठवायची नाही. तोही मोठेपणानं वाचून द्यायचा. आज ते आठवून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी आला. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्यानं कपाटावरचा स्क्रीन उतरवला, पुसला, मशीन फिरवलं. झाकण होतंच. नख लावताच टुपकन हातात आलं. केबल लावली, सेटिंगमध्ये दोन ठिकाणी टिचकी मारली. चार मिनिटं लागली असतील.

"अहो, आज इतक्या लवकर?" ती हात पुसत आत आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! घेतलंत शेवटी कार्ड?" मग लगेच ओशाळून म्हणाली, "पण आता कशाला? मी कुठं आता काम करते!"

म्हणाली खरी, पण बसली खुर्चीतच. काय उघडू, असं तिनं त्याला विचारलं नाही. ते परिचारिकांचं पुस्तक मशीनमध्येच होतं, तिनं कधी पुसलंच नव्हतं. मूळ मजकूर डावीकडे आला, प्रूफ उजवीकडे. तिची नजर एकदा इकडून तिकडे गेली आणि बोट जाऊन टेकलं.

"हा बघा. इथं गळलाय." ती बघतच राहिली. "कुणालाही दिसला असता हो असा." तिचे डोळे भरून आले. "किती चांगलं केलंत. माझं मागणं लक्षात ठेवलंत तुम्ही."

त्या क्षणी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मनाचा मोठा नवरा म्हणून आयुष्यभर मिरवता आलं असतं, आणि मोह काही थोडाथोडका नव्हता. पण 'माझं डोकं चालत नाही' हे तिचं वाक्य त्याच्या कानात होतं. त्यानं मूठ उघडली.

"कार्ड नाही घेतलं," तो म्हणाला. "कार्ड लागतच नव्हतं. दुसरी जागा मागं होतीच, या झाकणाखाली."

तिनं ते नखाएवढं झाकण उचललं. "म्हणजे तेव्हाही जोडता आलं असतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. मशीन मीच जुळवलं. हे माझ्या हाताखालून गेलं, पण मी बघितलंच नाही. तुझं डोकं ठीक आहे गं, तेव्हाही ठीक होतं. चूक माझी."

ती झाकण बोटांत फिरवत राहिली. तो ओरडा खायला तयार होता, तिनं ओरडावं असंच त्याला वाटत होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "लक्ष कुठं होतं तुमचं?"

ती खरंच विचारत होती. खुर्ची त्याच्याकडे वळवून ती उत्तराची वाट बघत बसली.